यंत्र घरात, तोवर पुलर घरात

पत्र असं आहे:

«ताई, नमस्कार. नोकरी कचेरीतली असली तरी हाताला दुरुस्तीचा नाद आहे. गेल्या बारा वर्षांत घरातलं बहुतेक काम मीच केलं. अडचण एवढीच, की दर वेळी एखादं असं हत्यार लागतं जे दुसऱ्या कशालाच चालत नाही. ते घेतो, काम होतं, आणि मग ते पेटीत जाऊन पडतं. सायकलचा क्रँक पुलर (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, ओढून काढणारा), सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर, आटे पाडायच्या टॅप-डायचा अख्खा संच, ठरल्या जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क रेंच, टाइल कटर, एका टेबलासाठी घेतलेली बॅटरीवरची जिगसॉ, मोटरसायकलच्या मॅग्नेटचा पुलर (ती मोटरसायकल विकून चार वर्षं झाली). आता आम्ही लहान घरात जातोय. बायको म्हणते, दोन वर्षांत ज्याला हात लावला नाहीस ते काढून टाक. तसा हिशेब केला तर पेटीत दोनच वस्तू उरतात. मी उधळ्या आहे का, असं वाटू लागलंय. त्यात वॉशिंग मशीनच्या ड्रमचं बेअरिंग वाजतंय, ते काढायला पुन्हा एक पुलर लागेल. तो घ्यायचं आता धाडस होत नाही आणि कुणाकडे मागायची लाज वाटते. काय करू?
– लोखंडी पेटीचा मालक»

नमस्कार.

तुम्ही उधळे नाही, हे आधी सांगते, कारण पत्रात तुम्हाला खरं टोचतंय ते हेच. ज्या दिवशी क्रँक निघाला आणि सायकल पुन्हा चालू लागली, त्याच दिवशी पुलरचे पैसे वसूल झाले. त्यानंतर तो पेटीत पडून आहे म्हणून ती खरेदी मागाहून चुकीची ठरत नाही. ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विकत घेण्याच्या प्रश्नात मिसळला की माणूस एक तर सगळंच धरून बसतो, नाही तर चिडून सगळं भंगारात घालतो.

दोन वर्षांचा नियम कपड्यांना ठीक आहे. दोन वर्षं न घातलेला सदरा पुढेही घातला जाणार नाही, याचा अंदाज बांधता येतो. पुलरचं तसं नाही. तो कधी लागणार हे तुमच्या सवयीवर ठरत नाही, ज्या यंत्रासाठी तो आहे त्याच्या झिजेवर ठरतं. सायकलच्या मधल्या अॅक्सलचं बेअरिंग काही वर्षं निमूट फिरतं आणि मग एक दिवस पायडल मारताना कटकट सुरू होते. त्या दिवशी क्रँक काढल्यावाचून इलाज नसतो, आणि चौकोनी अॅक्सलवर घट्ट बसलेला क्रँक पुलरशिवाय धड निघत नाही. हातोडीने ठोकून काढलेले क्रँक मी पाहिलेत. एकाचीही पुढची गत बरी नव्हती.

म्हणून माझा प्रश्न असा असतो: हे हत्यार ज्याचं आहे, ते यंत्र अजून घरात आहे का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: ऐन वेळी हे नसेल तर साध्या पान्याने काम भागेल, की यंत्राची मोडतोड होईल? दोन्हींच्या उत्तरांवर तुमची अर्धी पेटी आपोआप लागते.

मॅग्नेट पुलरपासून सुरुवात करा, कारण तिथे उत्तर सरळ आहे. मोटरसायकल गेली. मॅग्नेटवरचे आटे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे हा पुलर दुसऱ्या गाडीला लागेल ही आशा धरू नका. पण तो भंगारात टाकू नका. ज्यांनी तुमची गाडी घेतली, त्यांचा नंबर अजून असेल तर फोन करा आणि त्यांना देऊन टाका. ते स्वतः काम करणारे नसले, तरी त्यांच्या मेकॅनिकला तो उपयोगी पडेल. खरं तर गाडी विकतानाच तो गाडीबरोबर जायला हवा होता. यापुढे ही सवय लावून घ्या: यंत्र विकलं की त्याचं खास हत्यारही त्याच्याबरोबर द्यायचं.

क्रँक पुलर ठेवा. मूठभर लोखंड आहे, जागा खात नाही, खराब होत नाही. पण तो नुसता ठेवून भागत नाही, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या पत्राला माझं मुख्य उत्तर इथेच आहे.

पुलर वापरताना पाहा काय होतं. क्रँकच्या मधला बोल्ट काढला की आत काही सायकलींत एक वायसर असतो. जुन्या ग्रीसमध्ये तो काळा होऊन बुडाशी असा चिकटलेला असतो, की तो वेगळा तुकडा आहे हेच लक्षात येत नाही. तो तसाच राहिला आणि वर पुलर बसवला, तर पुलरचा दांडा अॅक्सलला टेकतच नाही. तो वायसरला रेटतो, वायसर क्रँकला रेटतो. म्हणजे त्याच क्रँकला आपण एकीकडून ओढतोय आणि दुसरीकडून ढकलतोय. पाना फिरवत राहिलं की शेवटी हार मानतात ते क्रँकमधले आटे. २२ मिलिमीटर व्यासाचे, जेमतेम एक मिलिमीटर अंतराचे, अॅल्युमिनियममधले बारीक आटे. ते एकदा गेले की पुलर कितीही चांगला असला तरी त्याला धरायला जागा उरत नाही. पण वायसर काढला, आटे फडक्याने पुसले, पुलर हाताने अगदी शेवटपर्यंत आत नेला आणि मगच पाना लावला, तर थोडा जोर लागतो, कर्र असा आवाज येतो आणि क्रँक एकदम सैल होऊन हातात येतो.

बारा वर्षांपूर्वी वायसरची गोष्ट तुम्हाला माहीत होती. आज आठवते का? लोखंड गंजायला वेळ लागतो, त्याच्या किती तरी आधी माणूस विसरतो.

हे माझ्यावर ओढवलेलं आहे म्हणून सांगते. क्रँकच्या मागे अॅक्सलचं बेअरिंग धरणारे दोन कप असतात. इंग्लिश मापाच्या आट्यांच्या सायकलींत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. एकदा मी तो काढला होता. सहा वर्षांनी पुन्हा काढायला बसले तेव्हा हत्यार तेच, सायकल तीच, फक्त ही एक गोष्ट डोक्यातून गेलेली. कप हलेना म्हणून पान्याला पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला, चुकीच्या दिशेला. हत्यार खाचांतून निसटलं, बोटांची सालं निघाली, आणि कपाच्या खाचा गुळगुळीत झाल्या. शेवटी तो कप वर्कशॉपमध्ये कापून काढावा लागला. त्या संध्याकाळी मी पहिली चिठ्ठी लिहिली. आता माझ्या पेटीतल्या अशा प्रत्येक हत्याराला चिठ्ठी बांधलेली आहे.

चिठ्ठी मोठी लागत नाही. जाड कागद, पेन्सिल (शाई तेलाने पसरते, पेन्सिल टिकते), वर पारदर्शक टेप. तुमच्या पुलरवर मी असं लिहीन: «क्रँक पुलर, निळी सायकल. आधी बोल्ट, मग आतला वायसर. वायसर विसरू नये! पुलर हाताने पूर्ण आत नेणे, मग पाना. बसवताना बोल्ट ४० न्यूटन-मीटर.» शेवटचा आकडा बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा आहे, तो सायकलच्या पुस्तिकेतून पडताळून घ्या. चौकोनी अॅक्सलला बहुतेक कंपन्या ३५ ते ५० च्या दरम्यान काही तरी सांगतात. खाली तारीख. अशा चिठ्ठीमुळे हत्यार दुसऱ्याच्याही उपयोगाचं होतं. उद्या तुमच्या मुलीने किंवा भाच्याने पेटी उघडली, तर त्यांना ते अनोळखी लोखंड वाटणार नाही.

त्या आकड्यावरून टॉर्क रेंचकडे येते. तो तुम्ही एका कामाच्या हत्यारांत धरलात, ते मला मान्य नाही. गाडीच्या चाकांचे नट, स्पार्क प्लग, सायकलचा हाच क्रँक, अॅल्युमिनियममध्ये जाणारा कुठलाही बोल्ट, सगळीकडे तो लागतो. घरात तो पडून राहतो याचं कारण आपण अंदाजाने आवळतो. तो पेटीच्या तळाशी ठेवू नका, रोजच्या पान्यांबरोबर ठेवा. टिक् वाजणारा असेल तर काम झाल्यावर पट्टीवरच्या सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहत नाही. त्याहून खाली मात्र सोडू नका. आणि अडकलेले नट सोडवायला त्याचा दांडा वापरू नका. तो मोजण्यासाठी आहे. कारखान्यांत आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे तो साधारणपणे वर्षातून एकदा, किंवा ५००० वेळा वापरून झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा तपासून घेतात. घरी एवढं लागत नाही, पण एखाद्याकडे खात्रीचा रेंच असेल तर दोन्ही एकाच बोल्टवर लावून पाहायला हरकत नाही.

जिगसॉ द्या. आज ना उद्या नाही, सगळ्यात आधी तीच द्या. निखळ पोलादाचं हत्यार तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवलं तर वीस वर्षांनीही तेच काम करतं. पण बॅटरी, रबर आणि इंधन ज्यात आहे ते न वापरताही म्हातारं होतं. लिथियमची बॅटरी कपाटात बसूनही झिजते. पूर्ण चार्ज करून उन्हाळ्यात ठेवली तर लवकर झिजते, आणि पूर्ण उतरलेली ठेवली तर इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखत नाही. ठेवायचीच असेल तर अर्ध्या चार्जवर, थंड जागी ठेवतात, आणि अधूनमधून पाहतात. हायड्रॉलिक जॅकमधलं सील, पाण्याच्या पंपातले रबरी वायसर, पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा कार्बोरेटर, सगळ्यांची हीच कथा. पेट्रोल आत राहिलं की चिकट होऊन बारीक भोकं बुजवतं. म्हणून माझा स्वतःचा नियम असा आहे: एका कामापुरतं लागणारं हत्यार जर म्हातारं होणारं असेल तर भाड्याने किंवा उसनं आणायचं, आणि नुसतं पोलाद असेल तरच विकत घ्यायचं. तुमची जिगसॉ आज चालते आहे, म्हणजे आज ती कुणाच्या तरी कामाची आहे. चार वर्षांनी तुम्ही ती फुकट देऊ केलीत तरी कुणी घेणार नाही.

टाइल कटरबद्दल तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. लांबलचक वस्तू, जागा अडवते, आणि फरशी बसवण्याचं काम पुन्हा निघेल तेव्हा ते मोठंच निघेल. तेव्हा भाड्याने आणा. जाऊ द्या त्याला.

टॅप-डायचा संच बघून लोक म्हणतात, चाळीस तुकडे आणि वापरला एक. माझ्या मते हा त्या पेटीतला सगळ्यात कनवाळू संच आहे. बोल्ट तुटला, आटे गेले, रंगाने किंवा गंजाने भोक भरलं, तर अख्खा भाग फेकण्यापासून वाचवणारं हेच एक हत्यार. फक्त त्याला त्याचे ड्रिल बिट जोडून ठेवा, नाही तर संच असून नसल्यासारखा. एम ५ ला (म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोल्टला) ४.२ मिलिमीटरचं भोक, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. हे चार आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून टाका. घरात येणारे बहुतेक बोल्ट याच चार मापांत बसतात. जागा फारच कमी असेल तर हीच चार मापं आणि हँडल एका डबीत ठेवा, बाकीचे तुकडे एखाद्या शिकाऊ मेकॅनिकला द्या. टॅप एकमेकांवर आपटू देऊ नका. त्याचं पोलाद कठीण असतं म्हणूनच ते ठिसूळ असतं. भोकात तुटलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, आणि त्या वेळी होणारा मनस्ताप मी शब्दांत सांगू शकत नाही.

सर्क्लिप प्लायर ठेवा. दोन स्क्रू ड्रायव्हरनी सर्क्लिप काढायला जाऊ नका. ती उडते तेव्हा डोळ्याच्या उंचीवरूनच उडते.

आता वॉशिंग मशीन. पुलर घेण्याआधी मशीनची मागची बाजू उघडा आणि बाहेरचा टब नीट पाहा. दोन अर्ध्या भागांभोवती स्क्रूंची रांग असेल तर तो उघडतो. सांधा वितळवून जोडलेला असेल, तर कंपनीने तो उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. अशा टबात बेअरिंगच्या आवाजावर कंपनीचं उत्तर म्हणजे अख्खा टब बदलणे. काही जण तो कापून पुन्हा जोडतात, पण पहिल्या खेपेला तुम्ही ते करू नये. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे. स्क्रूच्या डोक्यांचंही तसंच. सहा टोकांच्या ताऱ्यासारखं टॉर्क्स डोकं १९६७ साली आलं ते निदान खऱ्या गरजेतून, पेचाची पकड निसटू नये म्हणून. पण ॲपलने २००९ मध्ये लॅपटॉपच्या बॅटरीवर पाच पाकळ्यांचे स्क्रू बसवले, तेव्हा आतल्या बॅटरीला त्याचा काय फायदा झाला? मालकाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर निरुपयोगी झाला, एवढंच. अशा ठिकाणी एकाच कामाचं हत्यार विकत घेणारा माणूस उधळ्या नसतो. तो आपल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडत नसतो.

टब उघडणारा निघाला तर पुलर घेऊ नका. जुनी बेअरिंग पितळी पंचने मागून ठोकून निघतात. एका जागी ठोकू नका, एकदा वर, एकदा खाली, मग डावीकडे, उजवीकडे, म्हणजे ती वाकडी होऊन अडकणार नाहीत. कडेवरचा नंबर लिहून घ्या. उदाहरणार्थ ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. नंबर कुठल्याही कंपनीचा असो, मापं तीच, त्यामुळे मशीनच्या कंपनीचंच बेअरिंग हवं असा हट्ट नको. सील मात्र नवंच घाला. पाणी आत शिरतं ते सील गेल्यामुळे, बेअरिंग त्याच्यामागून मरतं.

नवं बसवायला लांब आट्यांचा रॉड, दोन नट आणि दोन जाड, रुंद वायसर पुरतात. रॉड टबाच्या भोकातून आरपार घाला, एका बाजूला टबाला टेकणारा वायसर, दुसऱ्या बाजूला नवं बेअरिंग आणि त्याच्यावर जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी. नट आवळत गेलात की बेअरिंग सरळ आत सरकतं. दाब फक्त बाहेरच्या कडीवर यायला हवा. आतल्या कडीवर दाब पडला तर गोळ्यांच्या खोबणीला चरे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. बसवण्याआधी बेअरिंग पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते केसभर आकसतं, तेवढंही पुरतं. काम झाल्यावर रॉड, नट, वायसर सगळं सुटं होऊन पुन्हा सामानात जातं. आयता पुलर घेण्याआधी असा जोड बनवता येतो का, हे दर वेळी एकदा पाहत जा. बऱ्याचदा येतो. क्रँक पुलरसारखे बारीक आट्यांचे प्रकार मात्र बनवायला जाऊ नका.

एका हत्यारासाठी मी बनवू नका, उसनं आणू नका आणि विकतही घेऊ नका असंच सांगते: गाडीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर. त्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर माणसाला जखमी करण्याइतका, प्रसंगी जीव घेण्याइतका असतो. ते काम रोज करणाऱ्याकडे द्या.

राहिली मागायची लाज. तुमच्यासारखे लोक मागत नाहीत, कारण मागणं म्हणजे आपल्याकडे काही कमी आहे असं कबूल करणं वाटतं. तुम्ही उलट्या टोकापासून सुरुवात करा. ओळखीच्या चार सायकलवाल्यांना सांगून ठेवा, माझ्याकडे क्रँक पुलर आहे, लागला तर न्या. पेटीच्या झाकणात एक छोटी वही ठेवा: काय गेलं, कुणाकडे, कोणत्या तारखेला. महिन्याभरात नसेल आलं तर बिनदिक्कत फोन करा. उसनं दिलेलं परत मागण्यात काही कमीपणा नाही, उलट तसं मागितलं जातं म्हणूनच पुढच्याला देता येतं. तुमची वस्तू चार घरांत फिरू लागली की त्या चार घरांतल्या वस्तूंचा पत्ता तुम्हाला लागतो, आणि मागताना जीभ अडत नाही. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ मध्ये हत्यारं उसनी द्यायला सुरुवात केली. पुस्तकासारखं न्यायचं, ठरल्या दिवशी परत आणायचं. तुम्हाला वाचनालय काढायची गरज नाही, वही पुरे.

तुमच्या पत्नीशी दोन वर्षांच्या नियमावर वाद घालू नका. त्यांचा मूळ मुद्दा जागेचा आहे आणि तो खरा आहे. त्यापेक्षा पेटीचं माप दोघांनी मिळून ठरवा. एक पेटी, झाकण लागलं पाहिजे, जे मावेल ते राहील. मॅग्नेट पुलर, जिगसॉ, टाइल कटर आणि निम्मे टॅप गेले की, माझ्या अंदाजाने, उरलेलं आरामात मावेल. चिठ्ठ्या लिहायला एखाद्या रविवारी दोघं बसा. एकाने हत्यार पुसून तेलाचं फडकं फिरवायचं आणि ते कशासाठी आहे ते सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. ज्या हत्याराबद्दल तुम्हाला काहीच सांगता येणार नाही, ते बाजूला काढा. त्याचं यंत्र बहुधा घरात नाहीच.

मशीनचा टब कसा निघतो ते कळवा. स्क्रूवाला निघाला तर रॉड केवढा घ्यायचा, ते बेअरिंगचा नंबर पाहून सांगेन.